सी.एन.सी. राउटरवर साध्या फर्निचरची निर्मिती : आराखडा, सांधा आणि भंडारा जिल्ह्यातील सुतारकाम

प्रास्ताविक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा पट्टा झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. या प्रदेशाला हे नावच जंगलावरून मिळालेले आहे. साग, ऐन, बिजा, मोह यांच्या सान्निध्यात वसलेल्या येथील गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या फळीत गणला जाई. आपल्याकडे त्याला वाढई असेही म्हणतात. नांगर, वखर, बंडी, घराचे खांब, आडे आणि चौकटी ही सर्व त्याच्या हातची निर्मिती होती. ट्रॅक्टर आणि सिमेंटच्या घरांमुळे यांपैकी बहुतांश कामे त्याच्या हातून गेली. उरले ते फर्निचर. आता तेही दोन दिशांनी सुटत चालले आहे. एका बाजूला महाविद्यालये, शाळा व कार्यालये दरपत्रके मागवून लोखंडी नळ्यांची तयार बाके खरेदी करतात. दुसऱ्या बाजूला घरगुती फर्निचरमध्ये यंत्राने कापलेल्या एम.डी.एफ.च्या जाळ्या, देवघरे व दरवाजांवरील नक्षी यांची चलती आहे.

ही नक्षी ज्या यंत्रावर कापली जाते त्याला सी.एन.सी. राउटर म्हणतात. आपल्या भागात या यंत्राची ओळख 'नक्षीचे यंत्र' अशीच झाली, हे काहीसे दुर्दैवाचे म्हणावे लागेल. कारण ज्या यंत्रावर तासन् तास एखादी वेलबुट्टी कोरली जाते, त्याच यंत्रावर दीड-दोन तासांत वर्गातील विद्यार्थ्यांसाठी सहा स्टुले कापून होऊ शकतात. त्यांना खिळा लागत नाही आणि बिजागरीही लागत नाही. मात्र त्यासाठी नक्षीची तयार फाइल उपयोगाची नाही. सांध्याचा विचार करून काढलेला आराखडा लागतो. हा आराखडा कसा तयार होतो, त्यात गणित कोठे येते आणि सुताराचे ज्ञान कोठे अपरिहार्य ठरते, हे एका साध्या स्टुलाच्या उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. नवीन शैक्षणिक धोरणानुसार कौशल्याधारित अभ्यासक्रम आखण्याची जबाबदारी आपणा सर्व प्राध्यापकांवर आलेली असल्याने हा विषय केवळ तंत्रनिकेतनांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

यंत्राचे स्वरूप

सी.एन.सी. म्हणजे संगणकाद्वारे संख्यात्मक नियंत्रण. यंत्राचे हत्यार कोणत्या बिंदूवरून कोणत्या बिंदूकडे, किती वेगाने आणि किती खोलीवर न्यावयाचे हे आकड्यांच्या भाषेत सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. या कल्पनेचा उगम लाकूडकामात झालेला नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत असताना वक्राकृतीवरील बिंदूंचे आकडे काढून त्यांच्या आधारे धातू कापण्याचा मार्ग त्यांनी शोधला. पुढे एम.आय.टी. या संस्थेत १९५२ मध्ये अशा पद्धतीने चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. दीर्घकाळ ही यंत्रे मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यात होती. ती छोट्या कार्यशाळेत येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मेंदूविज्ञान शिकविणारे प्राध्यापक टेड हॉल यांना फावल्या वेळात प्लायवुडच्या होड्या बनविण्याचा छंद होता. प्लायवुड कापण्यासाठी परवडणारे यंत्र मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते तयार केले. त्यातून १९९६ मध्ये शॉपबॉट या उद्योगाचा जन्म झाला. पुढे २००९ पासून जी.आर.बी.एल. ही मुक्त नियंत्रण-प्रणाली उपलब्ध झाल्याने लहान यंत्रांची किंमत आणखी खाली आली.

रचनेच्या दृष्टीने हे यंत्र सोपे आहे. एका सपाट टेबलावर प्लायवुडचा तक्ता घट्ट बसविला जातो. त्यावर लांबी, रुंदी व उंची अशा तीन दिशांना सरकणारी एक मोटार असते. तिला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलमध्ये बसविलेले बिट मिनिटाला बारा ते अठरा हजार फेरे या गतीने फिरते व लाकूड खरवडत पुढे जाते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. करवत लाकूड रेषेत कापते, तर राउटरचे बिट गोल असून त्याला स्वतःची जाडी असते. पुढील सर्व अडचणी आणि त्यांची उत्तरे या एका वस्तुस्थितीतून निर्माण होतात.

बिट किती वेगाने पुढे न्यावे याचे गणित सरळ आहे. बिटाची प्रत्येक धार एका फेऱ्यात किती जाडीचा कीस काढते, त्याला धारांची संख्या व मिनिटातील फेरे यांनी गुणले की मिनिटाला किती मिलिमीटर पुढे जावयाचे ते मिळते. दोन धारांचे ६ मिमी व्यासाचे बिट, बारा हजार फेरे आणि प्रत्येक धारेला ०.१ मिमी कीस असे धरल्यास हा वेग मिनिटाला २४०० मिमी येतो. नवशिक्याला वाटते की यंत्र हळू चालविले म्हणजे काम सुरक्षित होईल. प्रत्यक्षात फार हळू नेल्यास कीस न निघता केवळ भुकटी निघते, घर्षणाने बिट तापते, लाकडाच्या कडा काळवंडतात व धार लवकर जाते. ज्याने रंधा चालविला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. रंध्यातून लांब कीस निघतो की चुरा, यावरूनच तो पात्याची परीक्षा करीत असतो.

स्टुलाचा आराखडा

उदाहरणादाखल घेतलेले स्टूल तीन तुकड्यांचे आहे. दोन उभ्या फळ्या मध्यभागी एकमेकींत फुलीसारख्या अडकतात. एकीला वरून खाली व दुसरीला खालून वर अर्ध्या उंचीपर्यंत खाच असते. या फुलीवर चौरस बैठक बसते. प्रत्येक उभ्या फळीच्या वरच्या कडेला दोन कुसू ठेवलेले असतात व ते बैठकीतील चार आरपार खाचांत बसतात. रचना इतकी साधी आहे की प्रथमदर्शनी तिच्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही.

पहिला प्रश्न उंचीचा. परदेशी आराखड्यांत बैठकीची उंची बहुधा ४४० ते ४५० मिमी आढळते. तळपायापासून गुडघ्याच्या मागील भागापर्यंतची उंची भारतीयांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, सरासरीने कमी असते. भारतीय शरीरमापांचा विचार करावयाचा असल्यास राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ पाहावा. गृहअर्थशास्त्राच्या विभागात तो अवश्य असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. बैठक उंच असली की मांडीच्या खालच्या बाजूला कड रुतते व पाय लोंबकळतात. म्हणून येथे एकूण उंची ४२० मिमी धरली आहे.

दुसरा प्रश्न स्थैर्याचा. उभ्या फळ्या बैठकीच्या कडांना समांतर ठेवाव्यात की कोपऱ्यांकडे जाणाऱ्या कर्णांवर? कागदावर समांतर रचना नीटनेटकी दिसते. परंतु तशा रचनेत जमिनीला टेकणारी चार टोके जोडली असता जो चौकोन होतो, तो बैठकीच्या तुलनेत तिरका येतो आणि बैठकीचे चारही कोपरे त्याच्या बऱ्याच बाहेर पडतात. कोपऱ्यावर बसणारा विद्यार्थी स्टुलासह कलंडेल. फळ्या कर्णांवर ठेवल्या व त्यांची खालची रुंदी ३८० मिमी घेतली, तर आधाराचा चौकोन बैठकीला समांतर येतो. त्याची बाजू सुमारे २६९ मिमी भरते. बैठक ३३० मिमी बाजूची ठेवल्यास ती प्रत्येक बाजूस सुमारे ३१ मिमी पुढे येते आणि एवढे चालू शकते. कोणताही अनुभवी वाढई असा आराखडा पाहताच सर्वप्रथम पाय किती फाकवले आहेत हेच विचारेल. आपण तो प्रश्न पायथागोरसच्या प्रमेयाने सोडवतो. तो नजरेने सोडवतो.

तिसरा प्रश्न तक्त्याचा. बाजारातील प्लायवुड आठ बाय चार फुटांचे, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी असते. तुकड्यांमध्ये १२ मिमी अंतर ठेवून ३८० मिमी रुंदीच्या तीन रांगा तक्त्यावर बसतात. एका रांगेत ४२० मिमी उंचीच्या चार फळ्या व ३३० मिमीच्या दोन बैठका मांडल्यास मधल्या अंतरांसह २४०० मिमी लांबी लागते व दोन्ही टोकांना २० मिमी जागा उरते. म्हणजे एका तक्त्यातून बरोबर सहा स्टुले मिळतात. उंची केवळ १८ मिमीने वाढवून ४३८ केली, तर तीच रांग २४७२ मिमी होते. ती तक्त्यात मावत नाही. मग सरळ रांगांच्या मांडणीत पाचच स्टुले निघतात व राहिलेला भाग वाया जातो. शरीराला योग्य असलेली उंचीच येथे तक्त्यालाही सोयीची ठरली, हा योगायोग खरा. परंतु आराखडा व तक्ता यांचा विचार एकाच वेळी केल्यावाचून असे योगायोग सापडत नाहीत.

जाडीचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. दुकानात १८ मिमी म्हणून मिळणारे प्लायवुड प्रत्यक्ष मोजले असता १७ ते १७.५ मिमी भरणे ही नित्याची बाब आहे. एकाच तक्त्याच्या दोन टोकांनाही फरक आढळतो. खिळे व फेव्हिकॉल यांनी केलेल्या कामात अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु आपल्या स्टुलात एका फळीची जाडी हीच दुसऱ्या फळीतील खाचेची रुंदी ठरविते.

समजा, आराखड्यात जाडी १८ मिमी धरली आणि बसवणे सुलभ व्हावे म्हणून ०.२ मिमी सैलपणा ठेवून खाच १८.२ मिमी कापली. तक्ता निघाला १७.४ मिमीचा. तर खाचेत ०.८ मिमी पोकळी राहते. ४२० मिमी उंचीच्या स्टुलात ही पोकळी पायाशी चांगलीच जाणवते. स्टूल डुगडुगते. उलट एखादा तक्ता १८.३ मिमीचा निघाला तर तुकडे एकमेकांत शिरतच नाहीत आणि हातोडीने ठोकल्यास थर सुटतात. तात्पर्य, तक्ता विकत आणल्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने किमान पाच-सहा ठिकाणी त्याची जाडी मोजल्याशिवाय खाचेचे माप ठरवूच नये.

यावर चांगला उपाय म्हणजे आराखड्यात जाडी हा आकडा न लिहिता चल राशी म्हणून ठेवणे. फ्रीकॅड या मुक्त व निःशुल्क प्रणालीत ही सोय आहे. तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तीत एका तक्त्यात 'जाडी' ही नोंद करून खाचेची रुंदी 'जाडी अधिक ०.२', कुसूची उंची 'जाडीएवढी' आणि मधल्या खाचेची खोली 'एकूण उंची वजा जाडी, भागिले दोन' अशी सूत्रे देता येतात. जाडी १७.४ भरल्यास खाच १७.६ मिमी, फळीच्या मुख्य भागाची उंची ४०२.६ मिमी व मधली खाच २०१.३ मिमी खोल होते. पुढच्या खेपेस तक्ता १७.८ मिमीचा आला तर एकच आकडा बदलावा लागतो. बीजगणितातील चल राशी म्हणजे काय हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक ठोसपणे क्वचितच दाखविता येईल.

०.२ मिमी हा सैलपणाही अंतिम सत्य नाही. बिटाची झीज, यंत्राची अचूकता व हवेतील दमटपणा यांनुसार तो बदलतो. म्हणून पूर्ण तक्ता कापण्यापूर्वी त्याच तक्त्याच्या एका कोपऱ्यात ०.१, ०.२, ०.३ व ०.४ मिमी सैलपणाच्या चार छोट्या खाचा कापून त्यांत तुकडा बसवून पाहावा. हाताच्या दाबाने जाणारी व उलटी धरल्यास न सुटणारी खाच योग्य. ही परीक्षा कॅलिपरने होत नाही, हातानेच होते. येथे सुताराचा हात प्राध्यापकाच्या हातापेक्षा निःसंशय अधिक विश्वासार्ह आहे.

कोपऱ्यातील गोलाई

बिट गोल असल्यामुळे यंत्र बाहेरचा कोपरा काटकोनात कापू शकते, परंतु आतला कोपरा कधीही काटकोनात कापू शकत नाही. तेथे बिटाच्या त्रिज्येएवढी गोलाई राहते. बिटाची त्रिज्या ३ मिमी असेल तर आतल्या कोपऱ्यापासून बिटाच्या कडेपर्यंत, कर्णाच्या दिशेने, सुमारे १.२४ मिमी लाकूड शिल्लक राहते. (त्रिज्या गुणिले दोनचे वर्गमूळ वजा एक, असे हे सूत्र आहे.) हे लाकूड दिसायला नगण्य आहे. परंतु दुसऱ्या फळीचा कोपरा काटकोनी असल्याने ती खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाही. बैठक वर उचललेली राहते व सर्व भार त्या गोलाईवर येतो.

हाताने काम करणारा सुतार अशा ठिकाणी पटाशीने कोपरा साफ करतो. एका स्टुलासाठी तेच उत्तम. सहा स्टुलांना मात्र बैठकींतील सोळा-सोळा कोपरे, मधल्या खाचांचे कोपरे आणि कुसूंच्या बुडाचे कोपरे मिळून हा आकडा शंभराच्या पुढे जातो. म्हणून आराखड्यातच उपाय केला जातो. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात बिटाच्या त्रिज्येएवढे वर्तुळ असे काढावयाचे की त्याचा परीघ कोपऱ्याच्या बिंदूतून जाईल आणि त्याचे केंद्र कर्णावर राहील. बिट तेथे थोडे आत शिरून उरलेले लाकूड काढून टाकते. खाचेचा आकार मग कुत्र्याच्या तोंडी दिल्या जाणाऱ्या हाडाच्या चित्रासारखा दिसतो व इंग्रजीत त्याला तसेच नाव आहे. प्रत्यक्षात वर्तुळाचा व्यास बिटापेक्षा थोडा अधिक, उदाहरणार्थ ६.२ मिमी ठेवावा. अन्यथा अनेक प्रणाली त्या जागेत बिट जात नाही असे समजून ती वगळतात.

ही छिद्रे दृश्य भागात आली तर काम अपुरे वाटते. ती लपविण्यासाठी वर्तुळ कर्णावर न ठेवता खाचेच्या एका बाजूला सरकवता येते. कोणती बाजू निवडावी, हा प्रश्न भार कोणत्या कडेवर येतो यावरून सुटतो. ज्या कडेवर भार टेकणार ती अखंड राहिली पाहिजे. आपल्या स्टुलात बैठकीचा भार कुसूंवर येत नाही, तो कुसूंच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर येतो. म्हणून कुसूच्या बुडाशी छिद्र खांद्यात न घेता कुसूत घ्यावे. असा निर्णय संगणक घेत नाही.

कापणी व त्यानंतरचे काम

कापणीबद्दल थोडक्यातच सांगणे पुरेसे आहे. सुमारे १७.४ मिमी जाडी एका दमात न कापता ३ मिमीच्या सहा थरांत कापतात. आतल्या खाचा आधी व बाहेरची कड शेवटी कापावी. क्रम उलटा झाल्यास सुटा झालेला तुकडा हलतो व खाचेचे माप बिघडते. बाहेरची कड कापतानाही तीन-चार ठिकाणी पातळ जोड ठेवावेत व ते नंतर करवतीने तोडावेत. सहा स्टुलांच्या सर्व कडांची लांबी सुमारे ३५ मीटर होते. सहा थर धरल्यास बिटाला २१० मीटर प्रवास करावा लागतो आणि मिनिटाला २.४ मीटर वेगाने त्यास सुमारे दीड तास लागतो. मध्येच वीज गेल्यास बहुतेक साधी यंत्रे आपले स्थान विसरतात. त्यामुळे आरंभबिंदू तक्त्याच्या एका कोपऱ्यावर पेन्सिलीने नव्हे, तर उथळ छिद्र पाडून कायम करावा. आपल्या भागात ही सूचना अनाठायी ठरणार नाही.

लाकडाची धूळ हा सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये व फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. एम.डी.एफ. व स्वस्त प्लायवुड यांतील चिकट द्रव्यात फॉर्मल्डिहाइड असते. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, मुखपट्टी व कानांचे संरक्षण यांशिवाय विद्यार्थ्यांना यंत्राजवळ उभे करू नये.

येथे असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो की सागवानाच्या प्रदेशात प्लायवुडच का? प्लायवुड बव्हंशी हरियाणातील यमुनानगरसारख्या ठिकाणांहून येते आणि आपण जंगलाच्या कुशीत राहून ते विकत घेतो, यात विसंगती आहेच. परंतु भरीव लाकूड पावसाळ्यात आडव्या रेषेत फुगते व उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये घट्ट बसलेली खाच ऑगस्टमध्ये फाटू शकते. प्लायवुडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते जवळजवळ स्थिर राहते. सागवान वापरावयाचेच असेल तर रेषा पाहून सांध्याची दिशा ठरवावी लागेल आणि ती रेषा यंत्राला दिसत नाही. प्लायवुडच्या उघड्या कडा मात्र पाणी शोषतात. त्यांना सीलर व पॉलिश दिल्याशिवाय स्टूल वर्गात नेऊ नये. घासणे, कडा मोडणे, पॉलिश देणे व सांधे बसविणे हे सर्व काम हाताचेच आहे आणि वेळेच्या हिशेबात ते कापणीपेक्षा अधिक आहे.

पाबळचा अनुभव

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात असे यंत्र शिक्षणाचा भाग होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पाबळ हे अवर्षणप्रवण गाव त्यांनी हेतुपुरस्सर निवडले होते. शाळा सुटलेल्या मुलामुलींनी वस्तू प्रत्यक्ष बनवीत विज्ञान शिकावे, ही त्यामागील भूमिका होती. पाबळचे घुमटाकार घर व जुन्या जीपच्या भागांपासून बनविलेला छोटा ट्रॅक्टर ही तेथील कामाची परिचित उदाहरणे आहेत.

एम.आय.टी.तील प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये याच आश्रमात फॅब लॅब सुरू झाली. एम.आय.टी.च्या बाहेरील सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते. गर्शनफेल्ड यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात पाबळचा उल्लेख केला आहे. त्यात दुधाची तपासणी व डिझेल इंजिनाची जुळणी असे विषय येतात. म्हणजे यंत्र आले म्हणून काय बनवावे, असा विचार तेथे झाला नाही. शेतकऱ्याची अडचण आधी होती, यंत्र मागाहून आले. पुढे फॅब अकादमी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे केंद्रही पाबळला चालले. या अभ्यासक्रमात एका आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सी.एन.सी. यंत्रावर 'काहीतरी मोठे' बनवावे लागते व बहुतेक जण फर्निचर निवडतात. तुकडा कापण्याआधी बिटाची जाडी, सैलपणा व वेग यांच्या चाचण्या नोंदविणे तेथे बंधनकारक आहे. स्टूल तयार झाले की नाही यापेक्षा या नोंदींना अधिक महत्त्व दिले जाते, ही बाब आपल्या मूल्यमापन पद्धतीच्या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे.

विदर्भाला तर हा विचार परका नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली आणि तिच्या मूलोद्योगांत सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामाचाही समावेश होता. आपल्या महाविद्यालयांपासून वर्धा फार दूर नाही.

महाविद्यालयातील व्यवस्थेचा प्रश्न

पूर्ण तक्ता मावणारे राउटर काही लाख रुपयांना येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तीत हत्यारांसाठी १५,००० रुपये व ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज मिळते. या रकमेत चांगली विद्युत करवत व हँड राउटर येऊ शकतात. सी.एन.सी. यंत्र मात्र साकोली किंवा पवनीच्या एकट्या वाढयाच्या आवाक्याबाहेरच राहते. यंत्र सामाईक असावे लागेल. ते महाविद्यालयात असणे शक्य आहे. परंतु महाविद्यालयात फळीची रेषा ओळखणारा, सांधा हाताने पारखणारा व बिटाच्या आवाजावरून धार गेल्याचे सांगणारा मनुष्य नाही. तो गावात आहे आणि दिवसेंदिवस कमी होत आहे. या दोघांना एकत्र आणले नाही तर यंत्र खरेदी झाल्यावरही त्यावर वार्षिक संमेलनाची नामफलके व भेट देण्याच्या स्मृतिचिन्हांपलीकडे काही कापले जाईल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

त्यासाठी नियमांची अडचण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणानुसार कौशल्य अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलाकार व कारागिरांना उच्च शिक्षण संस्थांशी जोडण्याबाबत मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत. आपल्याकडे या सूचनांचा विचार झालाच तर तो गायक-वादकांपुरता होतो. वाढयाला त्याखाली बोलाविण्याचा विचार सहसा होत नाही. दोन श्रेयांकांच्या अशा अभ्यासक्रमात पहिले चार आठवडे यंत्राला हातही न लावता करवत, रंधा व पटाशीने एक खाच व एक कुसू प्रत्येक विद्यार्थ्याने करावा. पुढील चार आठवडे मापन व आराखडा, त्यानंतर चाचणी-खाचा, आणि शेवटी तक्ता. सुताराने परीक्षक म्हणून बसावे. गणित, भौतिकशास्त्र, गृहअर्थशास्त्र व वाणिज्य या विभागांनी आपापला भाग शिकवावा. वाणिज्य विभागाकडे तक्त्याचा, बिटाचा, विजेचा व सुताराच्या मानधनाचा हिशेब धरून एका स्टुलाची खरी किंमत काढण्याचे काम द्यावे आणि ती महाविद्यालयाने मागील खरेदीत दिलेल्या दराशेजारी मांडावी. तयार झालेली स्टुले ग्रंथालयाच्या वाचनकक्षात ठेवून वर्षभरानंतर, म्हणजे एक पावसाळा गेल्यावर, कोणता सांधा सैल झाला याची नोंद पुढच्या तुकडीने घ्यावी व त्यानुसार सैलपणाचा आकडा सुधारावा.